परवान्यात चेहरा येत नाही

क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना वापरायची आधीच मोकळीक देणारा, परवाना लावून फोटो टाकला की एआयवाल्यांनी वापरला म्हणून ओरडायचं नाही, असं काही जण म्हणतात. फोटो काढणाऱ्यापुरतं हे बरंचसं पटतं. पण फोटोतल्या माणसाचं काय? परवाना असतो कॉपीराइटचा. खासगीपणाचे हक्क त्यात येत नाहीत, हे परवान्याच्या ४.० आवृत्तीत स्पष्टच लिहिलंय. याहूने २०१४ मध्ये फ्लिकर या फोटो टाकायच्या साइटवरच्या अशा परवान्याच्या फोटो-व्हिडिओंचा सुमारे १० कोटींचा संच खुला केला. त्यातलेच जवळपास १० लाख फोटो घेऊन आयबीएमने २०१९ मध्ये चेहरे ओळखण्याच्या संशोधनासाठी वेगळा संच काढला. फोटो काढणाऱ्या कित्येकांना पत्ता नव्हता, मग चेहरेवाल्यांना कुठून असणार!

आपल्या सोलापुरातल्या यंत्रमागांचे फोटो मी विकिमीडिया कॉमन्स या खुल्या परवान्याच्या फोटोंच्या भांडारात टाकतो. भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेला कामगार ‘काढा की’ म्हणतो, तेव्हा तो फोटोला हो म्हणतो, चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला नव्हे. म्हणून हल्ली माग, जेकार्डचे (मागावर नक्षी ठरवणारे) भोकांचे पत्ते, चादरीवरची नक्षी, फार तर हात एवढंच खुल्या परवान्यात देतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठीभोवतीच्या गर्दीचं काय करायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही. कुणी चेहरे धूसर करून टाकत असाल तर कसं जमवता ते सांगा.