डेंग्यूनंतर सगळ्या नखांवर आडवी खाच, कॅल्शियम कमी झालंय का?

केतकी_डोंबिवली:
गणपतीत मला डेंग्यू झाला होता, चांगलाच, ॲडमिट वगैरे सगळं झालं. आता बरी आहे पण दिवाळीनंतर दोन्ही हातांच्या नखांवर एक आडवी खाच दिसायला लागली, बोट फिरवलं की लागते, आता नखाच्या मध्यापर्यंत आलीय. वर केस! विंचरले की गुंताच्या गुंता हातात, बाथरूमची जाळी तुंबते. सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी झालंय, मेडिकलवाल्याने बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) दिलंय. घेऊ का?

उनाड_पाखरू:
मला टायफॉइडनंतर सेम झालं होतं. खाच पुढे पुढे सरकत गेली आणि शेवटी नेलकटरने कापून टाकली. टेन्शन नको घेऊस.

बायोवाली_बाई:
सगळ्या नखांवर आहे ना, मग कारण तापच. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे मेलेल्या पेशींमधलं केराटिन (एक प्रथिन) असतं, ते तयार होतं मागे कातडीखाली, मॅट्रिक्समध्ये (अंगठ्यावर पांढरी चंद्रकोर दिसते ना, तो त्याचाच पुढचा भाग). जोराचा ताप आला की तिथलं पेशी बनवायचं काम मंदावतं, तेवढ्या दिवसांचं नख पातळ निघतं, आणि ते बाहेर येईपर्यंत तू ताप विसरूनही गेलेली असतेस. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ मध्ये हे लिहून ठेवलं म्हणून यांना बोच्या रेषा म्हणतात.

कॅल्शियमचं म्हणशील तर नखात ते अगदी नावापुरतं असतं, कडकपणा येतो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. सासूबाईंना सांगू नकोस, दूध बंद करतील 😄

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. क्युटिकलपासून (नखाच्या मुळाशी असते ती पातळ कातडी) खाचेपर्यंत पट्टीने मोज, ३ ने भाग, वर कातडीखाली लपलेले तीन-चार आठवडे धर, ताप कधी आला ते अंदाजे निघतं. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तर स्वतःच्या अंगठ्याचं नख ३५ वर्षं मोजलं! वयाच्या बत्तिसाव्या वर्षी रोज ०.१२३ मिमी वाढायचं, ६७ व्या वर्षी ०.०९५ वर आलं. काय चिकाटी म्हणायची.

केसांचंही मूळ तेच. एरवी डोक्यावरचे ८५-९० टक्के केस वाढीत असतात, मोठा आजार झाला की त्यातले बरेच एकदम विश्रांतीत जातात, दोन-तीन महिने तसेच बसून राहतात आणि मग गळतात. म्हणून गणपतीतला डेंग्यू दिवाळीनंतर केसांत दिसतो. मूळ जिवंत असतं, केस परत येतात, फक्त महिन्याला सेंटीमीटरभर वाढणार त्यामुळे धीर धरावा लागतो. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते, उलट त्याने थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन टेस्टचे आकडे चुकू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. सहा महिन्यांनीही गळती थांबली नाही तर डॉक्टरांना विचारून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची टेस्ट करून घे, आणि बायोटिन घेत असशील तर आधीच सांग.

कोल्हापुरी_गडी:
ताई, मग माझ्या तळहाताची सालं डेंग्यूनंतर लगेच कशी काय निघाली? नखं एवढी आळशी?

बायोवाली_बाई:
कातडीची पेशी खालच्या थरातून वर यायला साधारण चार आठवडे लागतात, तिला जायचंय किती, मिलिमीटरही नाही. नखाला अख्खी लांबी कापायची असते, हाताचं पूर्ण बदलायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष.

रेवा२२:
माझ्या एकाच अंगठ्यावर अशा खूप खाचा आहेत, जिन्यासारख्या, ताप बिप काही नाही.

बायोवाली_बाई:
बसल्याबसल्या दुसऱ्या बोटाने क्युटिकल मागे ढकलायची सवय आहे का बघ, बऱ्याचदा तेच निघतं. एकाच नखावर असलं की तिथलीच इजा शोधायची. आणि पार्लरमध्ये क्युटिकल कापून घेऊ नका गं, ते नखाच्या मुळाशी सील असतं, ते गेलं की पाणी-जंतू आत आणि मग नखुरडं. एकाच नखात नवीन काळी उभी रेघ आली आणि रुंद होत चालली तर मात्र सरळ स्किनवाल्या डॉक्टरकडे जायचं.

केतकी_डोंबिवली:
मोजलं, अंगठ्यावर सहा-सात मिमी आहे, हिशोब गणपतीवरच येतोय, भारीच! बायोटिन ठेवलं बाजूला. पण पायाच्या नखांवर काहीच कसं नाही?

बायोवाली_बाई:
ती महिन्याला जेमतेम दीड मिमी वाढतात, असलीच तर अजून कातडीखाली असेल. संक्रांतीच्या आसपास अंगठ्यावर बघ. दिसली तर परत नवीन धागा काढू नकोस 😄