उलटीनंतर छातीत भयंकर कळ: अन्ननलिका फाटली आहे हे ओळखायचं कसं?

प्रथमोपचार_वर्ग:
नमस्कार. प्रथमोपचाराच्या वर्गासाठी छातीतल्या दुखण्यावर टिपण तयार करतो आहे. हृदयविकाराचा झटका, फुप्फुसाभोवती हवा साचणं, महाधमनी चिरणं हे सगळं नीट मांडून झालं आहे. अन्ननलिका फाटण्याबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी एकच ओळ सापडते: उलटी, छातीत दुखणं आणि मानेच्या कातडीखाली हवा. एवढ्यावर कोणी काय ओळखणार?

मला नेमकं हे हवं आहे: सुरुवातीच्या तासा-दोन तासांत काय दिसतं, हृदयविकारापासून हे वेगळं कसं करायचं आणि रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत सोबतच्या माणसाने काय टाळायचं. आणखी एक अडचण आहे. छातीत दुखलं की ॲस्पिरिन चघळायला द्या, असं आपण वर्गात शिकवतो. इथे ते चालेल का?

आपत्कालीन_कक्ष:
तुम्ही दिलेली ओळ म्हणजे मॅकलर यांच्या नावाने ओळखलं जाणारं तीन लक्षणांचं त्रिकूट. खरं आहे, पण ते पूर्ण होण्याची वाट बघत बसलं तर वेळ हातची जाते. बऱ्याच रुग्णांत पहिल्या तपासणीत तिन्ही गोष्टी एकत्र सापडतच नाहीत. टिपणात सगळ्यात वर घालायची गोष्ट म्हणजे क्रम. आधी जोराची उलटी किंवा उमाळे, आणि त्याच दमात किंवा लगेच नंतर छातीत कळ. हृदयविकारात बहुधा उलट होतं, आधी दुखतं आणि मग मळमळ, उलटी. हा नियम शंभर टक्के नाही, पण पहिला संशय यावरूनच येतो. गंमत अशी की रुग्णाला "उलटी झाली का?" असं विचारलं तर तो फक्त "हो" म्हणतो. "आधी दुखायला लागलं की आधी उलटी झाली?" असंच विचारायला हवं.

कळ हळूहळू चढत नाही, एकदम येते. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागे किंवा पोटाच्या वरच्या खळगीत सुरू होते. पाठीत, कधी डाव्या खांद्यात जाते. गिळताना आणि खोल श्वास घेताना वाढते. आडवं झालं की सहन होत नाही, म्हणून रुग्ण पुढे वाकून बसतो. पोटाचा वरचा भाग कडक लागला की जठराचा व्रण फुटल्याची शंका येते आणि तपास चुकीच्या दिशेला जातो.

असं का होतं ते थोडक्यात. उलटीत पोटाचे स्नायू जठर जोरात दाबतात. त्याच वेळी घशाकडची झडप सैल पडली नाही, तर सगळा दाब अन्ननलिकेत कोंडतो. (उलटी तोंड मिटून दाबून धरू नये, ते यासाठीच.) प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते आणि आतड्यावर असतं तसं बाहेरचं चिवट आवरण तिला नसतं. ती फाटते बहुधा जठराच्या तोंडापासून २-३ सेंटीमीटर वर, मागच्या डाव्या अंगाला. त्यामुळे जठरातलं आम्ल, अन्न, लाळ आणि जंतू छातीच्या मधल्या पोकळीत आणि तिथून डाव्या फुप्फुसाभोवती उतरतात. नेदरलँड्समधल्या लायडनचे डॉक्टर हर्मन बोरहावे यांनी १७२४ मध्ये याचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. एका डच नौदल अधिकाऱ्याने भरपेट जेवणानंतर वांतीचं औषध घेतलं, कळ आली आणि तो एका दिवसाच्या आत गेला. शवविच्छेदनात अन्न छातीच्या पोकळीत सापडलं. आजही या फाटण्याला बोरहावे यांचंच नाव आहे. क्वचित जड वजन उचलताना, प्रसूतीत जोर लावताना किंवा फिट आल्यावरही हे घडतं.

पहिल्या तासात कळ, घाम, मिनिटाला १०० च्या वर नाडी आणि २० च्या वर श्वास. ताप त्या वेळी नसतो, आणि "ताप नाही, म्हणजे काही गंभीर नाही" हा तर्क इथे घातक ठरतो. पुढच्या काही तासांत डाव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी येतो, ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर जातो, मग रक्तदाब घसरू लागतो. वृद्ध आणि स्टेरॉईड घेणाऱ्या रुग्णांत दुखणं आणि ताप दोन्ही सौम्य राहू शकतात. तिथे विनाकारण वाढलेली नाडी हीच खूण धरा.

कातडीखालची हवा अशी तपासा: बोटांची टोकं नव्हे, पेरांचा मऊ भाग गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यावर ठेवा. अलगद दाबा आणि बोटं मानेच्या कडेने जबड्यापर्यंत सरकवत न्या. हवा असेल तर पॅकिंगच्या प्लास्टिकचे बारीक बुडबुडे फुटावेत तसं बोटांखाली चुरचुरतं. मान किंचित सुजल्यासारखी दिसते, आवाज नाकातून आल्यासारखा होतो. हवा छातीतून मानेपर्यंत चढायला वेळ लागतो. म्हणून चुरचुर लागली तर संशय पक्का, नाही लागली तर काहीच सिद्ध होत नाही.

ॲस्पिरिनबद्दल: जोराच्या उलटीनंतर लगेच कळ आली असेल तर देऊ नका. रुग्णवाहिकेच्या फोनवर क्रम सांगा आणि ते म्हणतील तसं करा. ईसीजी काढल्याशिवाय हृदयविकार नाही असं घरी कोणीच ठरवू नये. दोन्हींत धावपळ सारखीच, फक्त तोंडाने काही द्यायचं नाही.

एंडोस्कोपी_परिचारिका:
वरचं सगळं उलटीमुळे फाटण्याबद्दल झालं. पण प्रत्यक्षात अन्ननलिकेला भोक पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आत घातलेली उपकरणं. नुसती दुर्बीण घालून बघताना हा धोका हजारांत एकाहूनही कमी. अरुंद झालेली जागा ताणून रुंद करताना तो वाढतो. अकॅलेशियात (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडत नाही तो आजार) मोठा फुगा फुगवतात तेव्हा शेकडा २ ते ४ च्या आसपास जातो. म्हणजे काय केलं होतं हे घरच्यांना माहीत असायलाच हवं. "दुर्बिणीची तपासणी झाली" एवढ्याने भागत नाही.

तपासणीनंतर घसा खवखवणं, थोडा गॅस आणि ढेकर यायचेच. ते तासागणिक कमी होतात. वाढत जाणारं दुखणं कधीच नेहमीचं समजू नका. खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखतंय, मान वळवली की दुखतंय, स्वतःची लाळसुद्धा गिळवत नाही म्हणून थुंकावी लागतेय, नाडी मघापेक्षा २०-३० ने वर आहे, थंडी वाजतेय: यातलं एकही असेल तर पाणी थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. सगळ्यात जास्त नुकसान वेदनाशामक देऊन घरी पाठवण्याने होतं. दुखणं झाकलं जातं आणि गळती चालूच राहते. "थोडं पाणी पिऊन बघा, जातं का" हा प्रयोगही नको. गळती असेल तर तेच पाणी छातीत उतरतं.

घशाच्या तळाशी मागच्या बाजूला स्नायूंचा थर पातळ असतो, तिथेही दुर्बिणीने इजा होते. मानेतली ही इजा छातीतल्या इतकी भडक दिसत नाही. मान आखडते, आवाज बसतो, गिळताना टोचतं. पण मानेत चुरचुर इथे लवकर आणि जास्त वेळा सापडते.

अडकलेल्या वस्तूंचंही टिपणात घ्या. हाडाचा तुकडा, कवळी, पाकिटाच्या पत्र्यासकट गिळलेली गोळी. वरून मोठा घास गिळून ती खाली ढकलायचा प्रयत्न केला की टोक भिंतीत आणखी रुततं. वस्तू खाली गेली तरी पुढच्या दिवसांत ताप आला किंवा छातीत दुखलं तर तपासणी हवीच.

लहान मुलांत बटण बॅटरी. अडकलेली बॅटरी दोन तासांत भिंत जाळू लागते. तिच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते, म्हणून संपलेली बॅटरीही धोक्याचीच. एक्स-रेवर कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, नाण्याला ते नसतं. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून १२ तास झाले नसतील, ते नीट गिळू शकत असेल आणि भोक पडल्याची लक्षणं नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यायला हरकत नाही. मात्र मधासाठी थांबायचं नाही. तोंडाने काही देऊ नये या नियमाला एवढाच अपवाद.

प्रथमोपचार_वर्ग:
क्रमाचा मुद्दा फार उपयोगी आहे, टिपणात पहिलाच घेतो. एक राहिलं. लोक "अन्ननलिका फाटली" म्हटलं की रक्ताच्या उलटीचाच विचार करतात. रक्त नसेल तर धोका नाही असं समजायचं का? आणि रक्त असेल तर?

पोटविकार_तज्ज्ञ:
नाही, आणि हा गैरसमज टिपणात ठळक अक्षरांत खोडा. दोन वेगळ्या इजा आहेत.

एकात फक्त आतलं अस्तर चिरतं, जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात तिथे. मॅलरी आणि वाइस यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेली चीर ती हीच. पहिल्या एक-दोन उलट्या साध्या, नंतरच्यात लाल रक्त. छातीत दुखणं फारसं नाही. ८० ते ९० टक्के रुग्णांत रक्त आपोआप थांबतं. उरलेल्यांना दुर्बिणीतून क्लिप लावून किंवा इंजेक्शन देऊन थांबवावं लागतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा यकृताचा आजार असेल तर जास्त सावध राहा. थांबतं म्हणून घरी बसू नये. चक्कर, काळी डांबरासारखी शौच, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब रुग्णालय.

दुसऱ्यात भिंत आरपार फाटते. तिथे रक्त थोडंसंच, अनेकदा अजिबात नाही. जे सांडतं ते तोंडाकडे येत नाही, छातीत जातं. म्हणून भरपूर रक्त, दुखणं कमी हे चित्र अस्तराच्या चिरेकडे बोट दाखवतं आणि असह्य दुखणं, रक्त जवळपास नाही हे चित्र आरपार फाटण्याकडे. दुसरं कितीतरी अधिक घातक, आणि नेमकं तेच ॲसिडिटी म्हणून घरी काढलं जातं. ॲसिडिटीची जळजळ उलटीने बहुधा हलकी होते. उलटीनंतर दुखणं वाढलं तर ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका.

क्षकिरण_विभाग:
छातीचा एक्स-रे साफ आला म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. छातीच्या मधल्या भागातली हवा दिसायला तासभर तरी लागतो, डाव्या बाजूचं पाणी भरायला आणखी काही तास. रुग्ण लवकर आला तर फोटो साधा दिसणारच.

खरी तपासणी सीटी स्कॅन, आणि तेही पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट (फोटोत उठून दिसणारं द्रव्य) तोंडाने देऊन. हे कॉन्ट्रास्ट मागितलंच नाही तर बारीक गळती सुटू शकते. म्हणून चिठ्ठीवर नुसतं "छातीत दुखणं" लिहू नका, "जोराच्या उलटीनंतर कळ, अन्ननलिकेच्या गळतीची शंका" असं लिहा. अन्ननलिकेचा चलत्-फोटो काढायचा असेल तर आधी पाण्यात विरघळणारं द्रव्य, त्यात गळती दिसली नाही आणि संशय कायम राहिला तर पातळ बेरियम. बेरियम आधी का नको? गळती मोठी असेल तर ते छातीत साचून दाह वाढवतं. आणि ज्याला ठसका लागतोय, ज्याची शुद्ध पूर्ण नाही, त्याला नेहमीचं दाट क्षारयुक्त द्रव्य श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात पाणी भरतं. तिथे नॉन-आयोनिक म्हणजे फुप्फुसाला कमी त्रासदायक प्रकार वापरतात.

डाव्या छातीतलं पाणी सुईने काढलं तर त्यात लाळेमुळे ॲमिलेज (लाळेत आणि स्वादुपिंडात तयार होणारं पाचक द्रव्य) वाढलेलं मिळतं, पीएच ६ च्या खाली असू शकतो, कधी अन्नाचे कण दिसतात. ॲमिलेजचा आकडा बघून स्वादुपिंडाच्या सुजेकडे तपास वळू नये एवढं सांभाळा.

प्रथमोपचार_वर्ग:
शेवटचं विचारतो. फोनवर सोबतच्या माणसाने काय सांगावं? आणि जवळचं छोटं रुग्णालय गाठावं की लांबचं मोठं?

आपत्कालीन_कक्ष:
फोनवर एवढं पुरे: "जोराची उलटी झाली, लगेच छातीत कळ आली, इतके वाजता. त्यानंतर तोंडाने काहीही दिलेलं नाही." वेळ घड्याळात बघून सांगा. पुढचे बरेच निर्णय तिच्यावर अवलंबून असतात. २४ तासांच्या आत निदान आणि उपचार झाले तर जगण्याची शक्यता बरीच चांगली असते, त्यानंतर मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं.

वाटेत अर्धवट बसवून ठेवा. पाणी, दूध, सरबत, ॲसिडिटीचं औषध, काहीच नको. पुन्हा उमाळे आले तर तोंड दाबून धरू देऊ नका, थुंकू द्या. रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन लगेच सुरू होतं. छातीतलं पाणी नळीने काढतात आणि भोकाच्या जागेप्रमाणे शस्त्रक्रिया, स्टेंट (आतून बसवायची जाळीदार नळी) किंवा दुर्बिणीतून उपचार ठरतो. संशय आहे हे कळवलंत तर कर्मचारी नाकातून जठरात नळी अंदाजाने घालणार नाहीत आणि दाबाने हवा देणारा घट्ट मास्कही टाळतील. दोन्हींनी फाट वाढू शकते किंवा आणखी हवा छातीत शिरू शकते.

सीटी, दुर्बीण, छातीचे शल्यचिकित्सक आणि अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी असेल तिथे थेट जाणं उत्तम. पण ओठ निळसर पडले आहेत, शुद्ध हरपते आहे किंवा मनगटावर नाडी लागत नाही, अशी स्थिती असेल तर जवळचं रुग्णालय गाठा. तिथे ऑक्सिजन, सलाइन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्या आणि ते चालू असतानाच मोठ्या रुग्णालयाला फोन लावायला सांगा.