'दरोडेखोर दाम्पत्य' चालेल का?

गवतीचहा: बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो यांच्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. महामंदीतलं टेक्सास, १९३२ ते ३४. 'आउटलॉ कपल'ला 'दरोडेखोर दाम्पत्य' लिहिलं, तर संपादकांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढून परत पाठवलं. कारण दिलं नाही. काय चुकलं?

बोरूबहाद्दर: दाम्पत्य कसलं? बॉनीचं लग्न पंधराव्या वर्षी दुसऱ्याशीच झालं होतं, घटस्फोट घेतलाच नाही. २३ मे १९३४ला लुइझियानात पोलिसांनी दबा धरून दोघांना गाडीतच गोळ्या घातल्या, तेव्हाही तिच्या बोटात त्या नवऱ्याची अंगठी होती. दाम्पत्य सत्यनारायणाला बसतं हो.

माळरान: दरोडाही नाही. कोर्टात कारकुनी केलीय, म्हणून सांगतो. पाच माणसं असली तर दरोडा, चार असली की जबरी चोरी. क्लाइडचा भाऊ बक, वहिनी ब्लांश आणि तो पोरगेला डब्ल्यू. डी. जोन्स धरून १९३३मध्ये पाच भरले, पण काही महिनेच.

खडीसाखर: काका, टेक्सासला आपली दंडसंहिता लागू नव्हती! बाकी ते लुटायचे ते बहुतेक किराणा दुकानं नि पेट्रोल पंप. त्याला दरोडा म्हणायला मलाही जड जातं. 'फरारी जोडी' करा.

गवतीचहा: 'फरार जोडी' नको का?

बोरूबहाद्दर: फरार म्हणजे पळून जाणं, नाम आहे. पळालेला तो फरारी. 'फरार आरोपी' ही पेपरवाल्यांची कृपा. खरं तर अरबी हवंच कशाला? 'पुंड' आहे की आपला.

खडीसाखर: पुंड शेतात गुरं घालतो, सारा बुडवतो. १९३३च्या जूनमध्ये गाडी उलटून बॉनीचा पाय भाजला, नीट चालता येईना, क्लाइड तिला उचलून न्यायचा. हा पुंड? आणि 'फरार' आमच्या अख्ख्या गल्लीत विशेषणच आहे. उधारी थकवून गेलेल्याला वाणी 'फरार गिऱ्हाईक' म्हणतो. त्याला व्याकरण शिकवायला तुम्ही जा.

बोरूबहाद्दर: वाणी म्हणतो म्हणून शुद्ध?

माळरान: 'जोडगोळी' कुणालाच सुचलं नाही? तोफेचे दोन गोळे साखळीने जोडून डागत, त्यावरून आला, असं आमचे मास्तर सांगायचे.

खडीसाखर: मग जोडगोळा झाला असता. गोळी बंदुकीची.

माळरान: बंदुकीच्या गोळ्या जोडतात कशा, ते सांगा आधी.

गवतीचहा: लेख उद्या सकाळी द्यायचाय हो…

बोरूबहाद्दर: गोळी दोऱ्याचीही असते.