मदत हवी आहे: गॅलियम पीएसएमए पेट स्कॅन, क्रिएटिनिन 2.1

बाबांचा (वय 71, प्रोस्टेट कॅन्सर) गुरुवारी पुण्यात गॅलियम-68 पीएसएमए पेट-सीटी (प्रोस्टेट कॅन्सर कुठे पसरलाय हे शोधणारा, किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला स्कॅन) आहे. मात्रा 4 मिलिक्युरी, म्हणजे 148 मेगाबेकरेल. माझ्या हिशेबाने ट्रेसरमधून (त्या टोचलेल्या द्रव्यातून) सुमारे 3 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग, सीटीचा वेगळा. त्याची फारशी चिंता नाही.

अडचण किडनीची: क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) 2.1, म्हणजे वाढलेलं. हा ट्रेसर सर्वात जास्त किडनीतच साठतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. सेंटरला दोनदा फोन केला, "काही होत नाही हो" एवढंच उत्तर. युरोलॉजिस्ट शुक्रवारपर्यंत बाहेरगावी. तारीख पुढे ढकलता येणार नाही, कारण पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरची रक्तचाचणी) वाढतोय. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊ नका असं आधीच सांगितलंय, त्यामुळे तो मुद्दा नको. मधुमेह नाही, पाणी पिण्यावर बंधन नाही.

दुसरं म्हणजे, सहा महिन्यांची गरोदर बहीण स्कॅननंतर बाबांच्याच गाडीतून साताऱ्याला परतणार होती. गॅलियम-68 चा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा वेळ) 68 मिनिटं, म्हणजे जवळपास सात तासांनी दोन टक्क्यांहून कमी उरतं. तरी तिला एसटीने पाठवतोय.

न्यूक्लियर मेडिसिनमधल्या कुणी सांगाल का: क्रिएटिनिन एवढं असताना मात्रा कमी करतात, की तीच ठेवून फक्त पाणी वाढवतात? आणि रात्री बहिणीने किती अंतर, किती वेळ पाळावं?