शिट्टीचा आवाज: फिल्टरआधी अर्थिंग तपासा

गाडीच्या स्पीकरमधून येणारी, रेसबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), असं या चर्चेत वर कुणी लिहिलंय, ते बरोबर. पण लगेच अ‍ॅम्पच्या (स्पीकरचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) पॉवर लाइनला फिल्टर लावा, हा तिथलाच सल्ला पटत नाही. आधी अ‍ॅम्प बंद करून आरसीए पिना (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या वायरींच्या) काढा, मग अ‍ॅम्प चालू करून परत ऐका. शिट्टी गेली तर ती सिग्नलच्या वायरीतून येतेय, बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांच्या अर्थिंगमध्ये फरक पडून सिग्नलच्या वायरीत शिरणारा आवाज. तिथे तो फिल्टर काही करणार नाही.

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. आमच्या साताऱ्यात, त्यातही कास-बामणोलीकडे फिरणाऱ्या गाड्यांत, डिकीच्या मॅटखाली ओल धरते. भावाच्या गाडीत तिथेच पत्र्याला आवळलेला अ‍ॅम्पच्या अर्थिंगचा बोल्ट वरून चकचकीत, थिंबलखाली (वायरीच्या टोकाची धातूची कडी) मात्र तांबडा गंज! इंजिन चालू, गाणं मोठ्याने, मल्टिमीटरची एक पिन अ‍ॅम्पच्या ग्राउंडला, दुसरी बॅटरीच्या मायनसला: अर्धा व्होल्ट, म्हणजे अर्थिंग नीट लागत नव्हतं. पत्रा रंग जाईपर्यंत घासून नवीन थिंबल आवळलं, वरून ग्रीस लावलं. शिट्टी गेली.