मदत हवी आहे (क्यूपीसीआर): रॅन्डम हेक्सामर (सहा बेसचे, कुठल्याही क्रमाचे प्राइमर) घेतल्यापासून सीटी (सिग्नल दिसेपर्यंत लागलेल्या सायकली) ७ सायकलनं मागे

अर्धवट_पिपेट: उंदराचं यकृत, टोटल आरएनए १ मायक्रोग्रॅम, आरटी (आरएनएवरून सीडीएनए, म्हणजे डीएनए प्रत, बनवायची रिअॅक्शन) २० मायक्रोलिटरची. ऑलिगो डीटीवर (एमआरएनएच्या पॉली-ए शेपटीला, म्हणजे टोकाच्या ए-मालिकेला, चिकटणारा प्राइमर) गॅपडीएचचा (नेहमीचं संदर्भ जनुक) सीटी १८ यायचा. १८एस (रायबोसोमचा आरएनए) मोजायचंय, त्याला पॉली-ए शेपूट नाही, म्हणून हेक्सामर घेतले, २.५ मायक्रोमोलर. बाकी प्रोग्रॅम तोच: ५० अंशांवर ५० मिनिटं, ८५ वर ५. आता गॅपडीएच २५ आणि १८एस १६! जेलवर आरएनए स्वच्छ आहे. हेक्सामर खराब निघाले का?

कर्वेरोड_क्यूपीसीआर: "बाकी प्रोग्रॅम तोच", घोळ इथंच आहे. सहा बेसचा तुकडा ५० अंशांवर आरएनएला धरून राहत नाही. आधी २५ अंशांवर १० मिनिटं द्या. तेवढ्यात एन्झाइम त्याला थोडं लांबवतं, मग तो ५० वरही सुटत नाही. क्रम असा: आरएनए, हेक्सामर, डीएनटीपी एकत्र करून ६५ वर ५ मिनिटं, लगेच बर्फात निदान १ मिनिट, स्पिन, मग बफर, डीटीटी, आरएनेज इनहिबिटर, एन्झाइम. किटच्या कागदावर "रूम टेम्परेचर" लिहिलेलं असलं तरी ट्यूब ओट्यावर ठेवू नका. एप्रिलात दुपारी एसी बंद असला की पुण्यातलं रूम टेम्परेचर ३५ असतं. मशीनलाच २५ लावा.

डीएनेजवाली_ताई: नो-आरटी (आरटी एन्झाइमविना केलेला कंट्रोल, डीएनएची भेसळ दाखवतो) लावलंय का? उंदरात गॅपडीएचचे स्यूडोजीन (जनुकाच्या निकामी नकला) ढिगानं आहेत आणि त्यांत इन्ट्रॉन (एमआरएनएतून गळणारे तुकडे) नसतात, त्यामुळे एक्झॉन-जोडावरचे (उरलेल्या तुकड्यांच्या सांध्यावरचे) प्राइमरही फसतात. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) कराच. थांबवताना आधी ईडीटीए (मॅग्नेशियम धरून ठेवतं), मग ६५ वर १० मिनिटं. ईडीटीएविना तापवलंत तर मॅग्नेशियममुळे आरएनएच तुटतो. नो-आरटी किमान ७ सायकल मागे हवं, म्हणजे भेसळ एक टक्क्याच्या आत.

अर्धवट_पिपेट: २५ ची पायरी घालून एक सॅम्पल केलं. गॅपडीएच १८.४, १८एस ९.३. नो-आरटी ३१. बाकीची सॅम्पलं ऑलिगो डीटीची तयार आहेत, त्यांच्याशी जुळवू का?

कर्वेरोड_क्यूपीसीआर: अजिबात नको. प्राइमर बदलला की प्रत्येक जनुकाचं उत्पन्न वेगळ्या प्रमाणात बदलतं, डेल्टा-डेल्टा सीटीला (संदर्भ जनुकाशी ताडून काढलेल्या सॅम्पलांमधल्या फरकाला) अर्थ उरत नाही. सगळी सॅम्पलं हेक्सामरवर, एकाच मास्टरमिक्समधून, आरएनए तेवढाच घेऊन पुन्हा करा. आणि ९ वर येणारं १८एस संदर्भ म्हणून त्रासदायकच, बेसलाइन (पार्श्वभूमी मोजायच्या सायकली) ३ ते १५ ठेवलीत तर आलेखच बिघडतो. त्याच्यासाठी सीडीएनए १:१००० करा, नाहीतर एचपीआरटी (दुसरं संदर्भ जनुक) घ्या.