कोकणात सूर्य डोंगरामागून उगवतो, म्हणून पहाटे कॅमेरा बाहेर काढायचाच नाही?

पहाटपाणी
परवा इथल्याच चर्चेत 'पूर्वमुखी' यांनी लिहिलं: "सूर्योदयाचे फोटो काढायला कोकणात जाऊ नका. तिथे सूर्य समुद्रात बुडतो, समुद्रातून उगवत नाही. झोप आणि पेट्रोल दोन्ही वाया." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. माझं बालपण गुहागरच्या किनाऱ्यावर गेलं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

सूर्योदयाचा फोटो म्हणजे सूर्याच्या गोळ्याचा फोटो, हे कुणी ठरवलं? सूर्य वर येण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पाठ डोंगराकडे करून समुद्राकडे बघा. क्षितिजाला लागून राखाडी-निळा पट्टा दिसतो. ती आपल्या पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो, आणि सूर्य जसजसा वर येतो तसतशी ती सावली पाण्यात उतरत जाते. पूर्व किनाऱ्यावर हाच पट्टा जमिनीच्या बाजूला, घरं आणि विजेच्या तारांच्या मागे असतो. आमच्याकडे तो उघड्या समुद्रावर मिळतो.

आणि पौर्णिमेची पहाट! मागे सूर्य उगवायला आलेला, पुढे चंद्र त्या गुलाबी पट्ट्यातून समुद्रात उतरतोय. हिवाळ्यात तो वायव्येकडे झुकून मावळतो. वडील मला उठवून न्यायचे तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, हातात कॅमेरा नव्हता. तो फोटो मी अजून काढतोच आहे.

पूर्वमुखी
एवढं रागावण्यासारखं मी काही लिहिलं नव्हतं. माझा अनुभव लिहिला. बायको-मुलांना घेऊन रात्रभर गाडी चालवून दिवेआगरला गेलो. तीन दिवस पाचला उठलो. सूर्य सुरूच्या झाडांवर आला तोवर पावणेआठ झाले होते, आणि तेव्हा वाळूवर सगळ्यात ठळक काय, तर माझी आणि ट्रायपॉडची लांबलचक सावली. पाठीमागून येणारा सपाट उजेड, लाटांना उठाव नाही, वाळूला पोत नाही. एकही फोटो ठेवण्यासारखा निघाला नाही.

पुढच्या वर्षी पूर्व किनाऱ्यावर, ओडिशात कोणार्कजवळ चंद्रभागेच्या किनाऱ्यावर गेलो. पहिल्याच पहाटे पाण्यातून तांबडा गोळा वर आला, पुढे स्नान करणाऱ्यांच्या काळ्या आकृत्या. तो फोटो आज दिवाणखान्यात आहे. वर्षातून चारच दिवस सुट्टी मिळणाऱ्या माणसाला मी काय सांगावं? पृथ्वीची सावली बघ म्हणून?

पहाटपाणी
हो, तेच सांगावं. सपाट उजेडाचं म्हणाल तर तुम्ही थेट पश्चिमेला कॅमेरा लावलात. किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने, दक्षिणेला किंवा उत्तरेला वळवा. उजेड बाजूने येतो, वाळूवरची प्रत्येक वळी दिसते, पोलरायझरही (चकाकी कापणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) तिथेच सगळ्यात चांगलं काम करतो. शिवाय डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पूर्वेपासून साधारण २४ अंश दक्षिणेला सरकून उगवतो. किनारा जिथे वळण घेतो तिथे तो डोंगराच्या सोंडेवरून तिरपा येतो.

अजून एक. मागच्या डोंगराची सावली किनाऱ्यावर असते तेव्हा उजेड आधी लांबच्या होड्यांवर पडतो आणि मग पाण्यावरून चालत आपल्याकडे येतो. पायाखाली निळी सावली, समोर सोनेरी होडी. ती वीस मिनिटं तुम्ही सूर्याची वाट बघत पाठमोरे बसला असणार.

वायझॅगवासी
बावीस वर्षं विशाखापट्टणममध्ये आहे, म्हणून बोलतो. समुद्रातून उगवणारा सूर्य मी हजार वेळा तरी पाहिला असेल. क्षितिज स्वच्छ असलं तर दहा मिनिटांत गोळा इतका झगझगीत होतो की पुढचं सगळं काळं पडतं. मग वरून गडद, खालून पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावा, कमी-जास्त उजेडाचे तीन-तीन फोटो जोडा. शिवाय आमच्याकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा खूपच कमी. ओहोटीनंतर कोकणात जी अर्धा-अर्धा फर्लांग ओली आरशासारखी वाळू उघडी पडते, ती इथे नाही. पूर्वमुखींना पहिल्याच दिवशी फोटो मिळाला, आनंद आहे. मला मात्र इथे राहून वेंगुर्ल्याची वाळू आठवते.

काजळरेघ
सगळे पुरुष पाचला उठण्याच्या गोष्टी सांगताहेत. एकट्या बाईने अंधारात सुरूच्या बनातून वाट काढत किनाऱ्यावर जायचं, खांद्यावर लाखाची बॅग, यावर कुणीच बोलत नाही. मी मुंबईत गेटवेला जाते. तिथे सूर्य पाण्यापलीकडून येतो, पोलीस असतात, चहावाला असतो. पश्चिम किनाऱ्यावर असूनही पूर्वेकडे तोंड असलेली जागा हवी असेल तर ती तिथे आहे, आणि खाड्यांमध्ये आहे. वाद घालण्याआधी नकाशा तरी बघा.

पूर्वमुखी
गेटवेचं मान्य. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रापणकर
मालवण तालुक्यातला आहे. घरात तीन पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. वर 'काळ्या आकृत्या' आणि 'सोनेरी होडी' वाचलं आणि राहवलं नाही. त्या होडीत माणसं असतात. ती तुमच्या फोटोसाठी गेलेली नसतात.

रापण ओढताना दोन्ही दोर सारखे यावे लागतात. एक बाजू थांबली की जाळ्याचा घेर तिरका होतो आणि खालून मासळी निघून जाते. चार वर्षांपूर्वी एकाने नेमका दोराच्या वाटेत ट्रायपॉड रोवला. म्हातारा काका ओरडला, "वायच बाजूक व्हा!" तो म्हणतो, "एक मिनिट, लाँग एक्स्पोजर चालू आहे." दोर पायात अडकला, ओढ थांबली. तारलीचा चांगला थवा आत होता. हाती आली ती दोन टोपल्या, आणि वाटेकरी चाळीसच्या वर. फोटोवाला "सॉरी" म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या एकाने माझ्या वडिलांचा फोटो एका स्पर्धेत लावला. खाली लिहिलं, 'दारिद्र्याशी झुंज'. वडिलांनी तो मोबाइलवर पाहिला. दोन मुलांना इंजिनीअर केलेला माणूस. तो दिवसभर जेवला नाही.

पूर्वमुखी
वाईट झालं. पण एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना का धरता? मी नेहमी विचारून फोटो काढतो. आणि किनारा काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? तो सगळ्यांचा आहे.

रापणकर
सातबाऱ्यावर नाही. पण पहाटे चार वाजल्यापासून पाण्यात उभा असलेला माणूस आणि फोटो काढून नऊला आंबोळी खायला जाणारा माणूस, दोघांचा हक्क सारखा असं तुम्हाला खरंच वाटतं? चंद्रभागेला स्नान करणाऱ्यांना विचारलं होतं तुम्ही? खरं सांगा.

पूर्वमुखी
…नाही. ते पाठमोरे होते, चेहरे दिसत नाहीत.

रापणकर
माझे वडीलही पाठमोरेच होते.

पहाटपाणी
रापणकर, तुमचं दुःख खरं आहे, पण राग चुकीच्या माणसावर निघतोय. रापणीची मासळी पळवली ती ट्रायपॉडने नव्हे. पर्ससीनने, म्हणजे अख्खा थवा वेढून खालून आवळणाऱ्या मोठ्या जाळ्याने, आणि मासळी खेचायला एलईडी दिवे लावणाऱ्या बोटींनी. २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तुमच्याकडचे लोक मोर्चे काढतच आहेत.

रापणकर
पर्ससीनचं मला शिकवू नका, त्या मोर्च्यांत मी चाललोय. रात्री क्षितिजावर त्यांचे दिवे दिसतात. त्याचेही फोटो काढून कुणीतरी 'समुद्रावरची दिवाळी' म्हणून टाकले होते. माझं म्हणणं तेच. समोर काय चाललंय ते न कळता सुंदर दिसतं म्हणून टिपायचं, आणि वरून आम्हाला सांगायचं की राग चुकीच्या माणसावर आहे.

पहाटपाणी
दिवाळी लिहिणारा मी नव्हतो. गुहागरचा आहे म्हटलं ना.

काजळरेघ
गुहागरचे होतात. आता पुण्यात आहात, हे मागच्या चर्चेत तुम्हीच लिहिलं होतं. ते 'आमच्याकडे' जरा जपून वापरा.

वायझॅगवासी
भांडण फोटोवरून कुठे गेलं बघा. इथेही मच्छीमार पहाटे होड्या ओढतात. मी वर्षभर नुसता जाऊन बसायचो, कॅमेरा पिशवीत. एक दिवस त्यांनीच विचारलं, "काढत का नाही?" त्यानंतर काढलेला प्रत्येक फोटो छापून त्यांना नेऊन दिला. माझे बरे फोटो तेवढेच आहेत. त्यात एकही सूर्य नाही.

पहाटपाणी
काजळरेघ, लागलं. पण खोटं नाही, पुण्यातच आहे. आणि रापणकर, खरं सांगायचं तर मीही कधी छापून दिलेला नाही. वडिलांचे मित्र होते त्या होड्यांवर, तरीही नाही.

पूर्वमुखी
मीही दोन गोष्टी मागे घेतो. 'पेट्रोल वाया' हे घाईत लिहिलं. सातबाऱ्याचंही बोलायला नको होतं. दिवेआगरचे फोटो काल पुन्हा उघडून पाहिले. पहिल्या दिवशी अंधारात सेटिंग तपासायला काढलेल्या एका फोटोत तो गुलाबी पट्टा आहे. मी त्याकडे पाहिलंच नव्हतं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्व किनाऱ्यावरच जावं, या मतावर मी ठाम आहे.

पौर्णिमेला यायचं झालं तर पाणी कुठवर असतं पहाटे?

रापणकर
तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला सुकती, पूर्ण ओहोटी. सातपर्यंत वाळू भरपूर मोकळी असते. अष्टमीला येऊ नका, सहालाच पाणी भरलेलं असतं, मोकळी वाळू कमी असते.

दोन्ही दोरांच्या मधे कधी जायचं नाही. दोराच्या बाहेरच्या अंगाला, माडांकडे पाठ करून उभे राहा. आणि आधी ट्रायपॉड खाली ठेवून दोराला हात लावा. ओढायला हात लावणाऱ्याला आमच्याकडे वाटा मिळतो. वडील असतीलच तिथे. त्यांना फोटोचं तुम्हीच विचारा, मी मधे पडणार नाही.